गळा दाटून आलेल्या मुलीला गायला लावू नका : मराठी वाहिन्यांच्या कार्यक्रमप्रमुखांना खुले पत्र

माननीय कार्यक्रमप्रमुख,
सर्व मराठी मनोरंजन वाहिन्या,

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत गाण्याचा क्लास घेते. यंदा एकवीस वर्षं झाली. आमच्या गावात सतारी आणि तंबोरे घडतात, दर्ग्याच्या उरुसात रात्र रात्र गाणं चालतं, त्यामुळे मूल गायला लागलं की घरच्यांना त्याचं कौतुक असतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना टीव्हीवर गायचं असतं. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. गेल्या वर्षी माझी एक दहा वर्षांची विद्यार्थिनी तुमच्यापैकी एका वाहिनीच्या गाण्याच्या स्पर्धेत निवडली गेली. तिथे मी तिच्याबरोबर होते. जे पाहिलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. वाहिनीचं आणि कार्यक्रमाचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यावरून मुलगी ओळखू येईल आणि ते तिच्या आईला नको आहे. तुम्ही सगळ्यांनी हे पत्र आपल्यालाच आलं आहे असं समजून वाचावं.

ऑडिशनचा फॉर्म सहा पानी होता. गाणं कोणाकडे शिकता, किती वर्षं शिकता, काय काय येतं, यासाठी तीन ओळी होत्या. घरच्या परिस्थितीसाठी दीड पान. त्यात एक प्रश्न होता : ‘तुमच्या आयुष्यातील सर्वांत दुःखद प्रसंग.’ आईने खरं ते लिहिलं. मुलीचे वडील २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. मला आता वाटतं की तिची निवड त्या ओळीवरच झाली. मी मात्र तेव्हा तिच्या गळ्याचं कौतुक करत होते, कारण गळा खरोखरच चांगला आहे.

मग तिच्यावरची छोटी फिल्म करायला, तुम्ही जिला एव्ही म्हणता ती, पाच जण घरी आले. माणसं वाईट नव्हती. चहा घेतला, मुलीशी गप्पा मारल्या. पण आल्या आल्या त्यांनी फ्रिजवर चादर टाकली आणि वॉशिंग मशीन गॅलरीत ढकललं. मुलीची आई एका पतसंस्थेत क्लार्क आहे. ते त्यांना चालेना. शेजारच्या काकूंचं शिलाई मशीन आणून आईला त्यावर बसवलं आणि ‘नुसता पाय हलवा ताई, बाकी आम्ही बघतो’ असं सांगितलं. या माउलीने आयुष्यात कधी मशीन चालवलेलं नाही. टीव्हीवर मात्र ती रात्री जागून ब्लाउज शिवते आणि मुलीला शिकवते.

नंतर वडिलांचा फोटो भिंतीवरून काढून मुलीच्या मांडीवर दिला. तिने पहिल्यांदा सांगितलं ते असं : ‘माझे बाबा टेम्पो चालवायचे. ते मला रविवारी क्रिकेट बघायला बसवायचे. मला त्यांची आठवण येते.’ इतकंच, आणि शांतपणे. मुलं अशीच बोलतात. दिग्दर्शकाला ते पुरलं नाही. ‘बाळा, परत एकदा. बाबांना डोळ्यांसमोर आण. त्यांचं स्वप्न काय होतं?’ मुलगी माझ्याकडे बघायला लागली, कारण असं काही स्वप्न नव्हतंच. वडिलांना गाण्यात गोडी नव्हती, त्यांना तिच्या गणिताची काळजी होती. दुसऱ्या टेकला वाक्य तिला सांगण्यात आलं : ‘मी मोठी गायिका व्हावं हे माझ्या बाबांचं स्वप्न होतं.’ चौथ्या टेकला ती रडली. क्रिएटिव्ह टीममधली मुलगी म्हणाली, ‘झालं, मस्त,’ आणि लाइट बंद झाले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मीही उभी होते आणि मी काही बोलले नाही. त्याची बोच मला आजही आहे.

आम्ही तिघी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जायचो. रात्री मिरजेत बसायचं, सकाळी दादरला उतरायचं, तिथून स्टुडिओ. पहिल्या दोन फेऱ्या नीट झाल्या. दुसऱ्या फेरीत तिने एक नाट्यपद असं गायलं की माझ्या शेजारी बसलेल्या तबलजींच्या आईने माझा हात धरला. प्रक्षेपण झालं तेव्हा त्या गाण्याचे जेमतेम चाळीस सेकंद दाखवले. तिसऱ्या फेरीला एव्ही आली.

शूटला दुपारी बाराला बोलावलं होतं, तिचं गाणं लागलं रात्री साडेनऊला. साडेनऊ तास ती मेकअप करून, कपड्यांना इस्त्री मोडू नये म्हणून ताठ बसून होती. तिला मंचावर उभं केलं आणि मागच्या मोठ्या पडद्यावर ती फिल्म लावली. वडिलांचा फोटो चार माणसांएवढा मोठा. बासरीवर दुःखी धून. परीक्षकांच्या डोळ्यांना रुमाल. निवेदिकेने येऊन मुलीला जवळ घेतलं आणि माइक तिच्या तोंडाशी धरून विचारलं, ‘आज बाबा इथे असते तर तू त्यांना काय म्हणाली असतीस?’ मुलगी हुंदके द्यायला लागली. कॅमेरा आईवर, मग माझ्यावर, मग पुन्हा मुलीवर. आणि मग निवेदिका म्हणाली, ‘चला, आता हे गाणं बाबांसाठी!’ आणि वादकांनी सुरुवात केली.

मी गाणं शिकवते, म्हणून हे मला नीट सांगता येईल. रडल्यावर गळ्याच्या आतली सूज लगेच उतरत नाही. नाक बंद होतं, श्वास छातीत वरच्या वर राहतो, पोटातून येत नाही. मोठ्या माणसालाही गाण्याआधी पंधरावीस मिनिटं शांत बसावं लागतं, गरम पाणी घ्यावं लागतं. ही मुलगी काळी पाच या पट्टीत गाते. भीमपलास रागातला अभंग होता, अंतऱ्याला तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, थांबायचं होतं. क्लासमध्ये ती तिथे इतकी सहज थांबते की मी तंबोरा बंद करून ऐकते. त्या रात्री तिचा सूर षड्जाच्या खाली राहिला, तिला ते कळलं, तिने सावरायचा प्रयत्न केला आणि आवाज फाटला. परीक्षक म्हणाले, ‘भावना खूप होत्या, पण सुरात थोडी कमी पडलीस.’ तिला त्या रात्री सर्वांत कमी गुण मिळाले.

साहेब, मॅडम, हे जरा बारकाईने बघा. गाण्याच्या स्पर्धेत तुम्ही स्पर्धकाचा गळा गाण्याच्या दोन मिनिटं आधी बिघडवता आणि मग बिघडलेल्या गळ्याला गुण देता. धावण्याच्या शर्यतीत शिटीच्या आधी मुलाच्या पायावर कोणी काठी मारली तर तुम्हीच ओरडाल.

२००८ आणि २००९ साली ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेचं पर्व लागायचं तेव्हा मिरजेत त्या वेळेला रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत ही नावं आजही लोकांना पाठ आहेत, आणि लोकांना आठवतं ते कोण काय गायलं होतं ते. अभंग, नाट्यसंगीत, भावगीतं असं घरोघरी ऐकलं गेलं. एसएमएसची मतं तेव्हाही होती, वाहिनीने पैसेही कमावलेच असतील. पण मूल मंचावर आलं की आधी गायचं आणि त्या गाण्यावर चर्चा व्हायची. त्या वर्षी माझ्या क्लासला पंधराची चाळीस मुलं झाली. त्या कार्यक्रमाचं माझ्यावर ऋण आहे, म्हणून सांगते की प्रेक्षकांना गाणं नको आहे आणि रडणंच हवं आहे हे म्हणणं खरं नाही. तुमच्या क्रिएटिव्ह टीममधल्या एका मुलाने मला कॉरिडॉरमध्ये सांगितलं, ‘बाई, आमचा जीव गुरुवारच्या आकड्यात असतो.’ गुरुवारी रेटिंग येतं, आणि ज्या मिनिटाला रेषा वर गेली ते मिनिट पुढच्या आठवड्यात दुप्पट लांब होतं. मला त्या मुलाची दया आली. तोही कोणाचा तरी पंचवीस वर्षांचा लेक आहे. पण आकडा एवढंच सांगतो की लोकांनी चॅनेल बदललं नाही. रस्त्यात अपघात झाला तर लोक थांबून बघतात, याचा अर्थ त्यांना रोज अपघात हवा असतो असा होत नाही.

या सगळ्याला कायदा नाही असंही नाही. बालकामगारांच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांत टीव्हीवर काम करणाऱ्या मुलांसाठी स्पष्ट लिहिलं आहे. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही. मुलाच्या मनाविरुद्ध, त्याच्या संमतीशिवाय काही करायला लावायचं नाही. चित्रीकरणाच्या जिल्ह्यातल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवायचे. मी साडेनऊ तासांचं विचारलं तेव्हा मला सांगण्यात आलं की वाट बघणं हे काम धरत नाहीत, काम म्हणजे कॅमेऱ्यासमोरचा वेळ. दहा वर्षांच्या मुलीला हा फरक कसा समजवायचा? आणि संमतीचं म्हणाल तर सही आईची होती. फोटो मांडीवर घेऊन चौथा टेक देशील का, असं मुलीला कोणी विचारलं नव्हतं.

केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांत जाहिरातींसाठी एक कलम आहे. मुलांना भीक मागताना किंवा त्यांचा मान जाईल अशा रीतीने जाहिरातीत दाखवता येत नाही. हे कलम मी दोनदा वाचलं. कारण तिसऱ्या फेरीनंतर आमच्या मुलीला कॅमेऱ्यासमोर हात जोडून उभं केलं होतं आणि वाक्य दिलं होतं : ‘माझ्या बाबांचं स्वप्न पूर्ण करण्यासाठी प्लीज मला मत द्या.’ साबणाच्या जाहिरातीत जे चालणार नाही ते कार्यक्रमाच्या प्रोमोत चाललं, दिवसातून कित्येकदा. त्याच नियमांत कार्यक्रमांसाठीही लिहिलं आहे की मुलांची अवहेलना होता कामा नये. मेलेल्या बापाच्या नावाने मतं मागायला लावणं अवहेलनेत बसत नसेल तर त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

जाहिरातींचं निघालंच आहे तर तेही सांगते. ब्रेकमधल्या जाहिरातींबद्दल मी फार बोलणार नाही. ताशी बारा मिनिटांची मर्यादा आहे, त्यातही दहा मिनिटं व्यापारी आणि दोन तुमच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. ती पाळली जाते का हे घरी घड्याळ लावून कोणीही बघू शकतं. माझं म्हणणं आहे ते कार्यक्रमाच्या पोटात शिरलेल्या जाहिरातीबद्दल. रडून झाल्यावर आमच्या मुलीला एक कप देण्यात आला. दुधात घालायच्या पावडरीचा, प्रायोजकांचा. तिने तो दोन्ही हातांनी धरला तर मागून आवाज आला, ‘लेबल झाकू नकोस, इकडे फिरव.’ तिने फिरवला. ‘एक घोट घे आणि हस.’ डोळ्यांत पाणी तसंच होतं. निवेदिका म्हणाली, ‘बघा, आता आली ना ताकद!’ घरी बसलेल्या पाच वर्षांच्या मुलाने यातून काय घ्यायचं? ताई रडली, तिने ते प्यायलं, ती बरी झाली. ब्रेकमधली जाहिरात आली की आजी तरी म्हणते, ‘अरे, ती जाहिरात आहे.’ इथे आजीलाही कळत नाही. नियम म्हणतो, जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी ओळखू आली पाहिजे. तो कप कोणत्या बाजूचा, कार्यक्रमाच्या की जाहिरातीच्या, हे मला तुमच्यापैकी कोणीतरी सांगावं.

जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने फसव्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात चिप्स, शीतपेयं असल्या पदार्थांच्या जाहिराती मुलांसाठीच्या कार्यक्रमात दाखवू नयेत असं आहे. तुमच्या मंचावर सगळी मुलं, समोर बघणारी निम्मी मुलं, पण कार्यक्रमाला तुम्ही ‘संपूर्ण कुटुंबाचा’ म्हणता, आणि मग मध्ये चिप्सचं पाकीट फुटतं. शब्दावर बोट ठेवून सुटता येईल, पण ते बघून माझ्या क्लासमधली मुलं मधल्या वेळेला काय खातात ते मी रोज बघते. खारट, तेलकट बोटांनी पेटीच्या पट्ट्या चिकट होतात आणि गळे खवखवतात.

नाचाच्या कार्यक्रमांविषयी थोडंच लिहिते, तो माझा प्रांत नाही. जून २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना लेखी सांगितलं होतं की लहान मुलांना मोठ्यांसाठीच्या गाण्यांवर, वयाला न शोभणाऱ्या हावभावांसह नाचवू नका. तरी आमच्याकडच्या शाळांच्या स्नेहसंमेलनात दुसरी-तिसरीच्या मुली टीव्हीवर पाहिलेले तेच ठुमके मारतात आणि मागे बसलेले काका लोक शिट्ट्या मारतात. लावणीचं मला विशेष वाईट वाटतं. लावणी हलकी नाही. यमुनाबाई वाईकर बसून, नुसत्या नजरेने आणि हाताच्या अदेने लावणीचा अर्थ उलगडायच्या. त्यामागे पूर्ण वाढलेल्या बाईचं आयुष्य असतं. आठ वर्षांच्या मुलीला ती करायला लावलं की लावणीची नक्कल होते आणि मुलीकडे भलत्याच नजरेने बघितलं जातं. दोघींचं नुकसान.

मुलगी चौथ्या फेरीत बाहेर पडली. परत आल्यावर चार दिवस सत्कार झाले. मग शाळेत मुलांनी मोबाइलवर तिची रडतानाची क्लिप लावून तिची नक्कल सुरू केली. मधल्या सुट्टीत एक मुलगा फोटो मांडीवर घेतल्यासारखं पुस्तक धरतो आणि ‘माझ्या बाबांचं स्वप्न’ म्हणून गळा काढतो. मुलं क्रूर नसतात, त्यांना जे दाखवलं जातं तेच ती खेळतात. आईला नातेवाईक विचारतात, ‘दादा असं कधी म्हणाले होते गं?’ दिराने तर सरळ विचारलं की पतसंस्थेतली नोकरी गेली का, शिवणकाम कधीपासून करतेस. त्या बाईने नवऱ्यामागे नेटाने संसार उभा केला, आणि तुम्ही तो पुसून तिच्या जागी दुसरीच एक बाई दाखवलीत. मुलगी क्लासला येते, पण भीमपलास काढला की पाणी प्यायला उठते. गणपतीत तिने गायला नाही म्हटलं. मी आग्रह केला नाही.

हे सगळं आम्हीच होऊ दिलं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, मी आणि तिची आई दोघीही तिथे होतो. पण मोठ्या शहरात, मोठ्या लाइटखाली, कराराचे कागद हातात असताना मिरजेहून आलेल्या दोन बाया ‘नाही’ म्हणू शकत नाहीत, हे तुमच्या माणसांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. म्हणून ‘नाही’ म्हणायची जबाबदारी तुमच्यावर येते.

मागणं मोठं नाही. मुलांच्या स्पर्धेत एव्ही दाखवायचीच असेल तर गाणं होऊन गुण जाहीर झाल्यावर दाखवा, गाण्याआधी कधीच नको. घरातल्या मृत्यूबद्दल, आजाराबद्दल, गरिबीबद्दल मुलाला कॅमेऱ्यासमोर प्रश्न विचारू नका. त्याने आपणहून काही सांगितलं तर एकदाच घ्या, रिटेक नको. जे घर जसं आहे तसं दाखवा, फ्रिज असेल तर फ्रिजसकट. स्पर्धकाच्या हातात प्रायोजकाची वस्तू देऊ नका. मतं मागायचं काम निवेदकाने करावं, मुलाने हात जोडून नव्हे. सेटवर एक व्यक्ती अशी असावी जिला गुरुवारच्या आकड्याशी देणंघेणं नाही, आणि मूल थकलंय असं तिने म्हटलं की शूट थांबलं पाहिजे. हे करणारी पहिली वाहिनी कोणती ते आम्ही लक्षात ठेवू. मुलं तिकडेच पाठवू.

आणि ज्या वाहिनीचा हा अनुभव आहे तिला हे पत्र वाचून एव्हाना कळलंच असेल. ती रडण्याची क्लिप तुमच्या यूट्यूब चॅनेलवर अजून आहे. मुलीच्या आईने ती काढावी म्हणून दोन मेल पाठवले, उत्तर नाही. तुमच्या ऑफिसात बसलेला एक माणूस पाच मिनिटांत ती काढू शकतो. ती काढा. दुसऱ्या फेरीतलं नाट्यपद तुमच्याकडे पूर्ण रेकॉर्ड झालेलं आहे, साडेचार मिनिटांचं. ते कुठेच नाही. तिच्या जागी ते टाका.

आपली,
मिरजेतील एक गानशिक्षिका